विंच आधी घ्यावी की बाकीचं सामान? पानशेतच्या पुढे गाडी रुतली होती

पानशेतकडचा

नमस्कार. मागच्या वर्षी पाच दारांची जिमनी घेतली. राहतो सिंहगड रस्त्याला. पानशेतच्या पुढे वडिलांची थोडी जमीन आहे. डांबरी सोडली की शेवटचा दीड किलोमीटर मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना भातखाचरं. उन्हाळ्यात कधी अडचण आली नाही.

गेल्या रविवारी गेलो. दोन दिवस पाऊस लागून होता. समोरून दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल आली म्हणून गाडी बाजूला घेतली आणि डावीकडची दोन्ही चाकं बांधावरून खाली बसली. फोर-लो (चारी चाकांना संथ, जास्त जोर देणारा गिअर) टाकून चाकं फिरवली, तेवढी गाडी आणखी खाली गेली. शेवटी पोट चिखलाला टेकलं. बरोबर आई आणि आठ वर्षांची मुलगी. फोनला रेंज नाही.

तासाभराने गावातल्या एका दादांनी ट्रॅक्टर आणला. त्यांनी पुढे वाकून हाताला लागली त्या आडव्या दांडीला साखळी बांधली. मी शेजारीच उभा होतो, मलाही कळलं नाही. दोन झटक्यांत गाडी बाहेर आली, पण स्टीअरिंग सरळ धरलं तरी गाडी उजवीकडे जायला लागली. ती दांडी म्हणजे टाय रॉड, पुढची दोन्ही चाकं बरोबर वळवणारा. दादांना दोष देत नाही, भर पावसात कामं सोडून आले आणि पैसेही घेतले नाहीत. गाडी माझी, कुठे बांधायचं ते मला माहीत असायला हवं होतं.

तर प्रश्न असा की आता विंच, म्हणजे गाडीच्या पुढे बसवायचं दोर गुंडाळून ओढणारं मोटरचं यंत्र, बसवावी का? एका मित्राचं म्हणणं आहे की थेट १२,००० पौंडाची घे, परत कुणाची वाट बघायला नको. की आधी दोर, शॅकल (दोर अडकवायची पिनची लोखंडी कडी) वगैरे घ्यावं? पंचवीस हजारांत काय बसेल? आणि हे सामान पुण्यात हातात घेऊन बघता येईल असं कुठे मिळतं?

---

ताम्हिणी_थार

माझं मत, विंचच घ्या. मी दोन वर्षांपूर्वी बसवली, तेव्हापासून कुणाला हाक मारावी लागली नाही. एकटं फिरणाऱ्याला दुसरी गाडी नसते, मग दोर घेऊन करणार काय? पुढे लोखंडी बंपर लागेल, तो बनवून मिळतो. पंचवीस हजारांत मात्र बसणार नाही.

---

भोसरीचा_खलाशी

पानशेतकर, तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो, कारण तुमची मुलगी तिथे होती. साखळी लावून झटका मारताना ती कुठे उभी होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

मी भोसरी एमआयडीसीत सत्तावीस वर्षं मेंटेनन्सला होतो. क्रेन, चेन ब्लॉक, बेल्ट, शॅकल हेच रोजचं काम. अवजड मशीन जागेवर बसवणाऱ्या माणसांना आमच्याकडे खलाशी म्हणतात. शब्द जहाजावरचा, पण कारखान्यात रुळलेला. खाली सोड, ढील दे असं सांगायला ते अजून ‘आरिया’ म्हणतात. जे येतं ते मी त्यांच्याकडून शिकलो, आणि सुट्टीच्या दिवशी जुनी एमएम ५४०, महिंद्राची जीप, घेऊन मावळ-मुळशीत फिरताना तेच वापरतो.

खलाशी मशीनला हात लावण्याआधी एकच विचारतो, वजन किती? तुमच्या गाडीचंच घेऊ. रिकामी साधारण १,२०० किलो, माणसं आणि सामान धरून कंपनीची मर्यादा १,५४५. विंच भरल्या गाडीच्या दीडपट ताकदीची असावी असा ठोकताळा आहे. म्हणजे तुम्हाला २,३०० किलो, पौंडात ५,१००. मित्र सांगतात ती १२,००० पौंडाची म्हणजे ५,४०० किलोहून जास्त. एवढ्या हलक्या गाडीच्या नाकावर ते धूड आणि लोखंडी बंपर चढवलात की पुढच्या स्प्रिंगा दबतील आणि गाडी चिखलात आधी नाकच खुपसेल.

आता रुतलेल्या गाडीचा भार. लष्करात गाड्या ओढून काढणारे असं धरतात: चाकं आसापर्यंत बुडाली तर गाडीच्या वजनाएवढी ओढ लागते, चिखल मडगार्डपर्यंत आला तर दुप्पट. चढ असेल तर त्याची भर वेगळी. तुमची गाडी पोटावर बसली होती, म्हणजे तीन टनांच्या आसपास ओढ. आणि ती सगळी त्या बिचाऱ्या टाय रॉडवर, तीही झटक्याने.

हेच पोटाखालचं आणि चाकांपुढचं तुम्ही अर्धा तास खणून काढलं असतं तर तीन टनांचे दीड झाले असते. म्हणून माझ्या यादीत पहिलं फावडं. लांब दांड्याचं, निमुळत्या पात्याचं, म्हणजे गाडीखाली आडवं घालता येतं. बोहरी आळीत मिळेल. चाकापुढे उतरती वाट करायची, पोटाखालची माती ओढून काढायची. ताकद वाढवायची ती भार कमी केल्यावर.

दुसरं, हवा. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं हे. चिखलात शिरण्याआधीच चारी टायर १८ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर लांबीला पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. आपल्या डोंगरातल्या धारदार काळ्या दगडावर मऊ टायरची बाजू चिरते, तिथे सावकाश. आणि डांबरी लागली की परत भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही. त्यासाठी प्रेशर गेज आणि बारा व्होल्टचा कंप्रेसर. कंप्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचे लहान, चार टायर भरेपर्यंत तापून बंद पडतात.

तिसरं, कुठे बांधायचं. आज संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीखाली आडवे पडा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि कंपनीने चॅसीला दिलेले हुक शोधा. गाडीबरोबरच्या पुस्तकात त्यांचं चित्र असतं. त्यावर लाल रंग मारून ठेवा. मग चिखलात कुणीही मदतीला आलं तरी ‘दादा, त्या लाल हुकाला’ एवढं सांगितलं की झालं. टाय रॉड, ॲक्सल, स्प्रिंग, बंपरचा पत्रा यांना कधीही नाही. आणि मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला तर मुळीच नाही. तो गोळा झटक्याने तुटून तोफेच्या गोळ्यासारखा उडतो, जगभरात माणसं गेली आहेत त्याने.

चौथं, दोर. इथे सगळ्यांची गल्लत होते. दोर दोन जातींचे. एक ताणणारा, एक न ताणणारा.

ताणणारा नायलॉनचा, कायनेटिक रोप किंवा स्नॅच स्ट्रॅप म्हणून मिळतो. २० ते ३० टक्के लांबतो. ओढणारी गाडी थोडा वेग घेते, दोर रबरासारखा ताणला जातो आणि साठलेली ताकद रुतलेल्या गाडीला हळूहळू देतो. न ताणणारा म्हणजे साखळी, वायर रोप, पॉलिएस्टरचा बेल्ट. याने फक्त संथ ओढायचं. साखळीने झटका दिला की तो जसाच्या तसा लोखंडात जातो, तुमच्या टाय रॉडमध्ये गेला तसा.

कायनेटिक रोप आठ-नऊ मीटरचा घ्या. जाड तेवढा चांगला, हे इथे खरं नाही. तुटण्याची ताकद दोन गाड्यांतल्या हलक्या गाडीच्या भरल्या वजनाच्या दोन ते तीनपट हवी. ट्रकसाठीचा जाड दोर जिमनीला लावला तर तो ताणलाच जात नाही, मग साखळीत आणि त्यात फरक काय राहिला? नायलॉन भिजला की दहा-पंधरा टक्के कमजोर होतो. पावसाळ्यात हे हिशोबात धरा. दोन-तीन ओढींनंतर त्याला थोडा वेळ सैल पडू द्या, घरी आल्यावर चिखल धुऊन सावलीत वाळवा.

न ताणणारा बेल्ट मात्र कारखान्यात वापरतात तोच घ्या. भोसरी-चिंचवडला लिफ्टिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. त्याच्या रंगावरून टनेज कळतं: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, राखाडी चार, लाल पाच. शिवलेला टॅग शाबूत असलेलाच घ्यायचा, टॅग नसला तर तो बेल्ट आमच्याकडे कापून टाकत. झाडाभोवती गुंडाळायला तीन मीटरचा पिवळा उत्तम.

पाचवं, शॅकल. इथे थोडं थांबतो.

२०११ च्या पावसाळ्याअखेर मुळशीच्या मागे एका ओढ्यात आमच्यातली एक गाडी रुतली. मी शॅकल नेला होता तो पुण्यातल्या एका दुकानातून घाईत घेतलेला. त्यावर टनेज कोरलेलं नव्हतं. कारखान्यात असा शॅकल मी हातात धरला नसता, पण सुट्टीच्या दिवशी धरला. ओढताना तो उघडला आणि दोराबरोबर रुतलेल्या गाडीच्या मागच्या काचेतून आत जाऊन पुढच्या सीटच्या पाठीत घुसला. गाडीचा मालक त्याच मिनिटाला चाक बघायला खाली उतरला होता. तो शॅकल मी अजून ठेवला आहे, गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून.

तेव्हापासून अंगावर टनेज कोरलेलाच शॅकल. तुम्हाला ४.७५ टनाचे, १९ मिलिमीटरचे दोन बो-शॅकल पुरेत. पिन पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ओढीनंतर ती निघत नाही. आणि जमेल तिथे लोखंडाऐवजी सॉफ्ट शॅकल वापरा, दोराचाच विणलेला असतो. हलका, सुटला तरी लोखंडासारखा घाव करत नाही. फक्त धारदार कडेवर लावू नका, कापला जातो.

आता मुलीचं. दोर ताणलेला असताना गाडीतल्या चालकांशिवाय सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं, आणि दोराच्या रेषेत तर नाहीच. नऊ मीटरच्या दोराला चौदा मीटर लांब. दोर ओलांडायचा नाही. दोराच्या मध्यावर ओलं पोतं किंवा घोंगडी टाकायची, तुटलाच तर ते त्याला खाली दाबतं. आणि इशारे एकाच माणसाने द्यायचे. गावात दहाजण जमतात, दहाही जण ‘घे, घे’ ओरडतात. आधीच हात जोडून सांगायचं, मी हात वर केल्याशिवाय कुणी काही करायचं नाही.

विंचबद्दल. ती वाईट नाही, फक्त तुमच्यासाठी आत्ता पहिली नाही. ‘ताम्हिणी_थार’ यांचं एकटेपणाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण काही गोष्टी घेण्याआधी माहीत हव्यात.

डब्यावर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. दोर जेवढा गुंडाळलेला, तेवढी ती कमी. वरच्या थरावर पुष्कळ घटते. म्हणून जमेल तेवढा दोर सोडून ओढायचं. पण सगळा सोडायचा नाही, वायर असेल तर किमान पाच वेढे, सिंथेटिक असेल तर आठ-दहा वेढे ड्रमवर राहू द्यायचे. पूर्ण भारात विंच चारशे अँपिअरपर्यंत खाते. अल्टरनेटर त्याचा काही भागच भरतो, बाकी सगळं बॅटरीतून. इंजिन चालू ठेवा, थोडं ओढा, थांबा, परत ओढा.

आणि पुली. झाडाला स्नॅच ब्लॉक, म्हणजे ही पुली, लावून दोर परत गाडीला आणला की ओढ दुप्पट, वेग निम्मा. मोठ्या विंचपेक्षा लहान विंच आणि एक पुली हे मला केव्हाही पसंत. पण लक्षात ठेवा, पुली जिथे बांधली त्या झाडावर आणि तिथल्या बेल्टवर दोराच्या दुप्पट भार येतो. दोरात दीड टन असेल तर झाडाला तीन टन. पिवळा बेल्ट तिथे अगदी काठावर आला. बेल्ट खोडाच्या बुंध्याला, जमिनीलगत. वायर थेट सालीवर कधीही नाही, साल कापली की झाड मरतं.

तुमच्या खाचरात तर झाडच नाही. तिथे स्टेपनीला बेल्ट बांधून ती खड्ड्यात उभी पुरायची आणि तिच्यावर ओढायचं. होतं, मी केलं आहे, पण दीड तास खणावं लागतं. मी स्वतः विंच बसवलेली नाही. गाडीत टिरफोर ठेवतो, हाताने दांडा मारून वायर ओढणारं मशीन, १.६ टनाचं, वीसेक किलो वजन. संथ चालतं, पण इंच-इंच हातात राहतं, पुढूनही लावा, मागूनही. बॅटरी लागत नाही.

शेवटी कायदा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की क्रॅश गार्ड, बुल बार बसवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे. लोखंडी बंपर बनवून मिळतो, पण तो चालतो असं नाही. शिवाय पुढच्या एअरबॅगची सगळी आखणी कंपनीच्या मूळ बंपरवर केलेली असते. आई आणि मुलगी बसतात त्या गाडीत मी तो बसवणार नाही.

---

जिप्सीवाली_मावळ

काकांनी सगळं लिहिलंय. तीन गोष्टींची भर घालते.

ट्रॅक्शन बोर्ड घ्या, प्लॅस्टिकच्या दातेरी पट्ट्या. एकट्या गाडीला दोरापेक्षा याचाच उपयोग जास्त, कारण ओढायला कुणी लागत नाही. चाकापुढे खणून तिरकी घालायची, टायरला भिडली पाहिजे. मग फोर-लो, दुसरा गिअर, अगदी हलका पाय. चाक जागच्या जागी फिरवलंत तर दाते वितळतात, पट्टी कायमची गुळगुळीत होते. माझी पहिली जोडी राजमाचीच्या वाटेवर अशीच घालवली. त्यांना लांब दोरी आणि भडक चिंधी बांधा, चिखलात गडप झाल्या की सापडत नाहीत.

दुसरं, तिथे आत्ता लावणी चालू असणार. तुमची चाकं ज्या बांधावर बसली तो कुणाचा तरी आहे. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि रोपं उघडी पडतात. गाडी निघाली की लगेच फावड्याने बांध परत घालून द्या आणि मालकाला जाऊन सांगा. आमच्याकडे दोन वाटा गाडीवाल्यांना बंद झाल्या त्या याच कारणाने. रुतल्यामुळे कुणी रागावलं नव्हतं, बांध तसाच टाकून गेल्यामुळे रागावले.

तिसरं, हातमोजे. चामड्याचे. वायर रोपचे तुटलेले केस तळहातात शिरतात.

---

ताम्हिणी_थार

कलम ५२ चं मला माहीत नव्हतं. बंपर बनवणाऱ्याने ‘सगळे लावतात’ एवढंच सांगितलं होतं. आरटीओत जाऊन विचारतो.

---

पानशेतकडचा

काका, ताई, मनापासून आभार. मुलगी कुठे उभी होती ते आठवून बघितलं. साखळीपासून चार पावलांवर होती, माझा हात धरून. हे वाचल्यावर रात्री झोप लागली नाही.

काल गाडीखाली पडून हुक शोधले आणि लाल रंग मारला. फावडं, गेज आणि कंप्रेसर घेतला. बोर्ड मागवले आहेत. पिवळा बेल्ट आणि दोन शॅकल शनिवारी भोसरीला जाऊन आणेन. सगळं पंचवीस हजारांच्या आत बसतंय, कायनेटिक रोप धरून. विंच आत्ता नाही.

आणखी एक विचारायचं होतं. सासरवाडी दौंडकडे आहे, तिथली माती काळी. तिथे हेच सगळं चालेल का?

---

भोसरीचा_खलाशी

काळ्या मातीचा कायदा वेगळा. ती पाण्याने फुगते आणि टायरच्या खाचांत भरून बसते. दोन फेऱ्यांत चारी टायर गुळगुळीत गोल होतात, मग हवा कितीही उतरवा, पकड येत नाही. मडगार्डमध्ये एवढी साचते की चाक फिरायचं थांबतं. पानशेतकडे तांबूस मातीत खाली मुरूम किंवा कातळ लागतो, चाकाला काहीतरी टेकायला मिळतं. दौंडकडे हातभर खणलं तरी तीच.

तिथे सामानाचा प्रश्न नाही. पाऊस पडून गेला की गाडी डांबरीला लावायची आणि चालत जायचं. एक-दोन दिवस कडक ऊन पडलं की वरचा थर धरतो, मग जा. शेतकरीसुद्धा वाफसा आल्याशिवाय ट्रॅक्टर घालत नाही, तोच नियम आपल्याला. अडकलातच तर आधी खुरप्याने टायरच्या खाचा आणि मडगार्ड मोकळे करा, नंतर बाकीचं.

शनिवारी भोसरीला याल तेव्हा बेल्ट घेताना टॅगवरचं टनेज आणि सोबतचं टेस्ट सर्टिफिकेट ताडून बघा, नंबर जुळला पाहिजे. आणि पावसाने उघडीप दिली की एक रविवार काढा. मी ५४० घेऊन पानशेतला येतो. तुमच्याच रस्त्यावर, कोरड्या जागी, गाडी रुतलेली नसताना सगळं एकदा लावून-काढून बघू. ट्रॅक्टरवाले दादा मोकळे असतील तर त्यांनाही बोलवा, पुढच्या वेळी तेच येणार आहेत.

---

पानशेतकडचा

दादांना फोन केला. लावणी उरकली की येतो म्हणाले. लाल हुक आधी बघायचाय म्हणतात.